हवा

शाळेचा फुटबॉल दर शुक्रवारी माझ्या दुकानात येतो.
तोडासेचा रोहिदास आणतो, काखोटीला मारून,
जसं कोणी मान टाकलेलं कोंबडं आणावं.
सुई जिभेवर ओली करून मी आत घालतो,
पायानं पंप मारतो, अंगठ्यानं दाबून पाहतो.
"काका, पैसे?"
"जिंकल्यावर दे."
जिंकल्यावरचे पैसे एकोणीस वर्षांचे थकलेत.

मैदान शाळेच्या मागे, कोळशाच्या सायडिंगला लागून.
दहाव्या मिनिटाला दोन्ही टीमच्या जर्सी एका रंगाच्या होतात,
रेफ्री सुद्धा चुकतो.
मी चुकत नाही. मी धावण्यावरून ओळखतो.
निखाड्यांचा पोरगा डावा खांदा आधी घालतो,
त्याचा बाप वणीच्या एसटीत घालतो तसा.
मडावीचा बुटका बॉलशी बोलतो, शिव्या देतो, समजावतो.
आणि रोहिदास गोलमध्ये उभा,
दोन बांबू, वर दोरी,
दोरीवरून गेला की खालून, यावर दरवर्षी भांडण.

बायको विचारते,
"आपला कोणता पोट्टा खेळते त्यात?"
कोणताच नाही.
एक पोरगी आहे, तिला खेळाचा तास आवडत नव्हता,
ती आता नागपूरला नर्स आहे
आणि फोनवर आधी विचारते,
"बाबा, पोट्ट्यांचं काय झालं?"

कुस्तीचंही सांगतो.
पिदूरकरांचा भूषण, पंचावन्न किलो गट,
तालुक्याच्या आदल्या दिवशी रेशन दुकानाच्या काट्यावर
चारशे ग्रॅम जास्त.
दुकानदार म्हणाला, "माझा काटा खोटा नाही,"
सगळे हसले, भूषण हसला नाही.
दोन स्वेटर घालून भादव्याच्या उन्हात
जिनिंगला अकरा फेऱ्या मारल्या,
मी सायकलवर मागे, पाण्याची बाटली लपवून.
तोंडातली थुंकी पण गिळायची नाही.
संध्याकाळी शेषरावच्या खुर्चीत बसून डोकं भादरलं.
"केसं किती ग्रॅमचे असतील गा?"
शेषरावनं केरसुणीनं गोळा करून दाखवले: मूठभर.

सकाळी वजनात बसला.
मॅट दोन तुकड्यांची होती, मधल्या फटीवर चिकटपट्टी.
कायरच्या पोरानं पट काढला, चाळीस सेकंदांत चीत.
मी "पूल कर, पूल" म्हणेपर्यंत
शिट्टी झाली होती.
परतताना भूषणनं सात केळी खाल्ली,
खिडकीबाहेर बघत, एक शब्द न बोलता.
आठवं मला दिलं.

हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे.
उधारीच्या वहीत, मागच्या पानापासून उलटं:
तारीख, गाव, गोल, गुण, कोणाचा गुडघा.
पुढून उधारी येते, मागून निकाल.
यंदा दोघं मधल्या पिनांपाशी भेटले.

म्हणून परवाची मॅच तळहातावर लिहावी लागली.
कॉलनीच्या शाळेशी, त्यांच्याकडे खिळ्यांचे बूट.
निकाल आधीच सांगून टाकतो, हरलो, दोन-एक.
पण त्याच्या आधी, एक-एक असताना,
बॉल बसला.
त्यांचाही बसलेला, दुसरा नव्हता.
रेफ्रीनं माझ्याकडे पाहून हात केला.
मी पंप घेऊन चुन्याच्या रेघेपाशी थांबलो.
एकोणीस वर्षांत ती रेघ कधी ओलांडली नव्हती.
"या ना काका," रोहिदास ओरडला.

मधोमध बसलो.
बावीस पोरं भोवती, घाम टपकतोय, कोळशाचे ओघळ,
आमचे कोण, त्यांचे कोण,
उभ्या उभ्या मलाही ओळखू येईना.
पंपाचा तेवढा आवाज.
समोरच्यांचा कॅप्टन वाकून म्हणाला,
"झालं का काका?"

बॉल टणक झाला होता. अंगठा आत जात नव्हता.
"थांब बाप्पा," मी म्हणालो, "अजून दोन."
आणि चार मारले.